पाणीवाली बाई

माझ्या अम्मीला लोकांनी निवडून दिलं तेव्हा बॅनरवर फोटो अब्बांचा होता.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर आमच्या शाळेतल्या मृणालिनी मॅडम म्हणतात तसं व्हायचं, की बुशरा हमदुले आधी टाळ्या मागते आणि मग भाषण करते.

२००२ साली आमचा वॉर्ड लेडीज निघाला. म्हणजे तिथून फक्त बाईच उभी राहू शकणार. अब्बा तोवर कितीतरी वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलत होते. मिरा रोडला त्यांचं इस्टेट एजंटचं ऑफिस, आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना घर त्यांनीच दाखवलेलं. तिकीट अब्बांना, म्हणजे शरफूभाईंनाच मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त आरक्षणाची चिठ्ठी काढणाऱ्याला माहीत नव्हतं. मग तिकीट अम्मीला आलं. मैमुना शरफुद्दीन हमदुले. बॅनर छापायची वेळ आली तेव्हा महाडहून मोठी फुफू, अब्बांची बहीण, एस्टीने खास आली आणि म्हणाली, "घरच्या बाईचा चेहरा खांबावर टांगणार? खाली गटार आणि वर कावळे!" अब्बा विचारात पडले. अम्मी म्हणाली, "मला तरी कुठे हौस आहे." झालं. बॅनरवर अब्बा हसतायत आणि खाली अम्मीचं नाव. आजूबाजूच्या वॉर्डांत पण असंच चाललं होतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मी पाचवीत होते. मलाही वाटलं नाही.

आता मी दहावीत आहे, निवडणूक पुन्हा दारात आहे, आणि आमच्या घरात एकच प्रश्न आहे. अम्मी पुन्हा उभी राहणार की नाही?

माझं उत्तर तयार होतं. राहणार म्हणजे राहणारच! मी नुकतीच भाईंदरच्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, विषय 'स्त्री सक्षमीकरण', आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की मी कुणालाही कशालाही तयार करू शकते. फक्त अम्मीला अजून पूर्ण भाषण ऐकवता आलं नव्हतं, कारण ती मध्येच झोपायची.

अम्मी कुठेही झोपू शकते. रिक्षात, दातांच्या डॉक्टरकडे, ओट्याला टेकून कुकरची दुसरी शिटी होईपर्यंत. घरी आमच्या दाराला कडी लागत नाही. कुणाचं गटार तुंबलंय, कुणाच्या नवऱ्याने हात उचललाय, कुणाच्या मुलाला अॅडमिशन मिळत नाही, सगळे अम्मीकडे. चपला काढून थेट आत, कधी कधी थेट स्वयंपाकघरात. दाखल्यांचं मात्र वेगळं होतं. ते अब्बांच्या ऑफिसातून मिळायचे. सही अम्मीची, पण ती भाकऱ्या झाल्या की घरी बसून करणार, आणि अब्बा सकाळी गठ्ठा घेऊन जाणार. ऑफिसवर पाटी होती, 'नगरसेविका मैमुना श. हमदुले यांचे जनसंपर्क कार्यालय', आणि पाटीखाली खुर्चीत अब्बा. उद्घाटन असलं, सत्कार असला की अब्बा. सणाच्या शुभेच्छांवर पण अब्बा. म्हणजे अब्बा वाईट आहेत असं नाही हं. अब्बांना माणसं आवडतात आणि माणसांना अब्बा. फक्त गटार त्यांना आवडत नाही.

आणि पाणी तर नाहीच नाही.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं आणि पहाटे येतं. मिरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरचे लोक वरून पाऊस कोसळताना बघतात आणि म्हणतात, तुमच्याकडे पाण्याचा काय त्रास? आमच्या बिल्डिंगा संपतात आणि गोडदेव गावाच्या अंगाला एक बैठी चाळ लागते. तिची पाण्याची लाईन आमच्या लाईनचं शेपूट आहे. आधी बिल्डिंगांना पाणी, मग महापालिकेचा चावीवाला दशरथ लोखंडी चावीने वॉल्व्ह फिरवतो आणि चाळीची पाळी येते. पण तेवढ्यात एखाद्या बिल्डिंगचा वॉचमन हळूच थेट लाईनला मोटर लावतो. मोटर लागली की चाळीच्या नळातून नुसती हवा. फूस!

यावर अम्मीने एकच उपाय शोधला होता. स्वतः जाऊन उभं राहायचं. ओढणी डोक्यावरून घेऊन, पायात प्लॅस्टिकच्या चपला घालून, चाळीच्या तोंडाशी, जिथून सगळ्या वॉचमनना ती दिसेल. बोलायचं काही नाही. नुसतं दिसायचं. अम्मी दिसली की मोटर लागत नाही.

एका रविवारी मी पण गेले. म्हटलं, बघू तरी सक्षमीकरण कसं चालतं.

सक्षमीकरण चिखलात चालत होतं. दशरथ वाकून चावी फिरवत होता, चाळीतल्या बायका पिंपं आणि कळश्या घेऊन नळांपाशी. त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज उर्मिलाताईंचा. त्या आम्हाला बघून ओरडल्या, "काय बाई, आज पोरगी आणलीत वाटतं?"

"सुट्टी आहे तिला," अम्मी म्हणाली.

"बरं केलंत. बघ गं पोरी, तुझी आई इथं उभी राहते म्हणून आमच्या घरात चहा होतो. नाहीतर तो हमदुले! वर बघ, वर बघ!"

मी वर बघितलं. खांबावर माझे अब्बा होते. सणाच्या शुभेच्छा देत होते.

"दात बघ कसे काढलेत," उर्मिलाताई म्हणाल्या. "पाच वर्षांत एकदा तरी इथला चिखल तुडवलाय का त्यानं? नगरसेवक म्हणे! बाई, तुम्ही म्युनिसिपाल्टीत आहात ना, तुमची भेट होत असेल. त्याला सांगा, उर्मिला म्हणाली, मतं मागायला आलास तर डोक्यात हंडा घालीन."

"सांगते हां," अम्मी म्हणाली.

"रिकामा घालीन म्हणावं. भरलेला परवडायचा नाही."

बायका हसल्या. दशरथ खाली मान घालून चावी घट्ट करत राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी तोंड उघडलं, आणि अम्मीने मला कोपराच्या वर असा काही चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

म्हणजे चाळीला माहीतच नव्हतं! बॅनरवरचं नाव कोण वाचतं, लोक फोटो बघतात. दाखला आणायला गेले तरी खुर्चीत अब्बा. चाळीत निम्मे लोक भाड्याने येणारे-जाणारे. त्यांच्या हिशेबात नगरसेवक म्हणजे तो हसरा माणूस, आणि पहाटे येते ती महापालिकेतली कुणीतरी पाणीवाली बाई.

परत येताना मी फुटलेच. "अम्मी! तू सांगत का नाहीस? ती तुलाच शिव्या घालत होती!"

"मला कुठे? तुझ्या अब्बांना घालत होती."

"पण नगरसेविका तू आहेस!"

"गप गो, लोक झोपलेत." अम्मी थोडी चालली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर बिचारी शिव्या द्यायची थांबली असती. नळाला धार थोडीच वाढली असती?"

रस्त्याच्या कडेला काळे पाईप पडले होते. चाळीची वेगळी लाईन. अम्मीने महासभेत भांडून मंजूर करून घेतली होती. पाईप आले, आणि येऊन पडले. कधी खोदायची परवानगी नाही, कधी खोदणारा नाही, कधी साहेब नवीन. एका पाईपमध्ये कुत्रीने पिल्लं घातली होती. अम्मीने जाता जाता त्या पाईपवर हात ठेवला, आपण दुकानात कलिंगड बघतो तसा.

तर जूनमध्ये कळलं की यंदा वॉर्ड ओपन झाला. कुणीही उभं राहू शकतं, पुरुष पण. अब्बांनी त्याच दिवशी खादीचं जॅकेट शिवायला टाकलं.

"मग यंदा मी," अब्बा जेवताना म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंही नाही, मधलंच काहीतरी.

"घ्या ना," अम्मी म्हणाली आणि त्यांना आमटी वाढली.

मी ताटावरून उठले. "घ्या ना म्हणजे काय! अम्मी, तू हक्क सोडतेयस!"

"हात धुऊन बोल."

हात धुऊन मी ओट्यापाशी उभी राहून सगळं भाषण ऐकवलं. चूल आणि मूल, निर्णयप्रक्रिया, अर्धं आभाळ, सगळं. अम्मी लसूण सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान बोलतेस. खरंच. आवाज कुठे वर न्यायचा ते कळतं तुला." मग सालं गोळा करत म्हणाली, "बुशरा, मला ना, ऊन तोंडावर येईपर्यंत झोपायचंय. रोज. उन्हाने येऊन म्हणायला पाहिजे, उठा बाई आता."

मी सोललेला लसूण वाटीत भरला.

जुलैत गुणवंतकाका आले. गुणवंतकाका म्हणजे पक्षाचे आमच्या भागातले प्रमुख, मूळचे लालबागचे, इकडे येऊन बरीच वर्षं झाली तरी "आमच्या मुंबईत" असंच म्हणतात. कोणाची हवा आहे ते बघायला ते वॉर्डात फिरून आले होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. सोफ्यावर न बसता खुर्चीच्या काठावर बसले.

"शरफूभाई, बिल्डिंगांत आपलं काम ठीक आहे. पण ती मागची चाळ. चाळीतली मतं गेली तर सीट गेली."

"का, काय म्हणते चाळ?" अब्बांनी जॅकेटचं बटण लावलं.

"सांगू? राग मानू नका. एक उर्मिला म्हणून बाई आहे. मी तुमचं नाव घेतलं आणि ती हंडा आणायला आत गेली."

मी पडद्याआड होते. तोंडात ओढणी कोंबली.

"म्हणे हमदुले नको. कधी तोंड दाखवलं नाही. आणि नुसती एकटी नाही, अख्खी चाळ तेच म्हणतेय. मी विचारलं, मग पाहिजे कोण? तर सगळ्यांचं एकच, 'त्या पाणीवाल्या बाईला उभं करा, डोळे मिटून मत देतो.'" गुणवंतकाका पुढे झुकले, आवाज खाली आणला. "आता ही पाणीवाली बाई कोण, याचा शोध घ्यायला पाहिजे. म्युनिसिपाल्टीत कामाला आहे म्हणतात. रोज पहाटे येते, बोलत नाही, पण तिला बघून वॉचमन टरकतात. समोरच्या पार्टीने तिला गाठायच्या आधी आपण गाठू. कुठलं तरी पद देऊ, तुमच्या प्रचाराला फिरवू."

तेवढ्यात अम्मी चहा घेऊन बाहेर आली. गुणवंतकाकांनी कप घेतला आणि तिलाच विचारलं, "वहिनी, तुमचं बायकांमध्ये उठणं-बसणं आहे. तुम्हाला माहितीये का कोण आहे ती?"

अम्मीने ट्रे खाली ठेवला. अब्बांकडे बघितलं. मग पदार्थाला मीठ जास्त झाल्यावर बाई जसं सांगते, तसं म्हणाली, "मीच आहे ती."

गुणवंतकाकांच्या बशीत चहा सांडला.

मला आता कोण आवरणार! मी बाहेर आले आणि सगळं सांगितलं, चिखल, हंडा, वॉचमन, दशरथचे हलणारे खांदे, सगळं, हातवारे करून. गुणवंतकाका आधी हसायला लागले, मग अब्बांचा चेहरा बघून थांबले.

अब्बा अम्मीकडे बघत होते. "पण मला वाटलं तू चालायला जातेस. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, शुगरसाठी."

"तेही झालं," अम्मी म्हणाली.

"रोज?"

"पाणी दिवसाआड येतं. मधल्या दिवशी लोक विचारायला येतात, काल का कमी आलं."

अब्बांनी जॅकेटचं लावलेलं बटण काढलं. मला त्या क्षणी त्यांची दया आली, खरंच. ते त्यांच्या परीने पाच वर्षं नगरसेवक होते.

गुणवंतकाका शेवटी राजकारणीच. बशी पुसून म्हणाले, "मग प्रश्न मिटला. वहिनी उभ्या राहतील. आणि यंदा फोटो वहिनींचा, नाहीतर चाळीला कळायचं कसं? उद्या संध्याकाळपर्यंत फोटो द्या, बॅनरवाला थांबलाय."

"नाही," अम्मी म्हणाली.

"फोटो नको? अहो, आता काळ बदलला—"

"उभी नाही राहणार. दमले मी, गुणवंतभाऊ."

आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. गुणवंतकाका उठले, दाराशी चपला घालताना म्हणाले, "विचार करा. पार्टीला उद्या नाव कळवायचंय," आणि गेले. अब्बांनी त्या रात्री जेवणं होईपर्यंत टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी अम्मीला म्हटलं, "फोटो काढून ठेवू. नको तर नको. निदान आपल्याकडे तुझा एक चांगला फोटो तरी राहील, सगळ्या लग्नांच्या फोटोंत तू पाठमोरी आहेस." माझा हा मुद्दा जोरदार होता. अम्मीने सुस्कारा टाकून चपला घातल्या. मला वाटतं, नाही म्हणायला पण ताकद लागते.

जिन्यातच उर्मिलाताई भेटल्या. हातात छत्री, चेहरा लालबुंद. गुणवंतकाकांनी सकाळीच चाळीत जाऊन सांगितलं होतं की पाणीवाली बाई कोण.

"शोभतं का हो तुम्हाला?" त्या अम्मीवरच चढल्या. "पाच वर्षं मी तुमच्या तोंडावर तुम्हालाच शिव्या घालतेय, आणि तुम्ही आपल्या 'सांगते हां, सांगते हां'! कुणाला सांगत होतात?"

"मलाच सांगायचे ना," अम्मी म्हणाली. "यांना हंड्याचं कालच कळलं."

उर्मिलाताईंना हसू पण येत होतं आणि रडू पण. "मी काय काय बोलले, बाई!"

"खोटं काही बोलला नाहीत."

"आता ते काका सांगत होते, तुम्ही उभ्या राहत नाही म्हणून."

"नाही राहत."

"का?"

अम्मीने जिन्याच्या कठड्याला धरलं. "झोप येते हो."

मला वाटलं उर्मिलाताई आता समजावतील, हात जोडतील, निदान काहीतरी म्हणतील. त्यांनी फक्त अम्मीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच उजेडात बघत असाव्यात. मग छत्री उघडून म्हणाल्या, "चला, कुठे निघालात तिथवर येते."

स्टुडिओ लुईझाचा होता. उत्तनच्या पुढे चौक गाव आहे, कोळ्यांचं, ती तिथली. तिच्या घरी सगळे समुद्रावर आणि ही मिरा रोडला फोटो काढते. मी मुद्दामच बाईचा स्टुडिओ निवडला होता, फुफूला महाडहून यायला नवीन कारण मिळू नये म्हणून.

लुईझाने अम्मीला निळ्या पडद्यासमोर स्टुलावर नको म्हणून पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं. उर्मिलाताईंनी ओढणी नीट केली, कानामागची बट आत सारली. "आता कशा नगरसेविका दिसताय," त्या म्हणाल्या. लुईझा दिवे लावायला गेली. एक दिवा पेटेना. ती वायर हलवत होती, मी तिला सांगत होते की बॅनरला फोटो कसा पाहिजे, थोडा डावीकडे बघणारा, भविष्याकडे बघतोय असा. बोलता बोलता वळले तर अम्मी झोपली होती.

मान कललेली, गाल खुर्चीच्या पाठीच्या कडेला टेकलेला. हात मांडीवर उपडे. ओढणी नीट.

"न्हाय, न्हाय, मॅडम, डोळं—" लुईझा म्हणाली आणि थांबली.

मी उठवायला पुढे गेले. पेटलेला तो एक दिवा अम्मीच्या तोंडावर होता आणि मला तिच्या डोळ्यांखालची कातडी दिसली, पातळ झालेली, ओल्या कागदासारखी. मी रोज त्याच घरात राहते. मी तिला किती बोलते, किती बोलते, पण असं समोर उभं राहून कधी बघितलं नव्हतं.

उर्मिलाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. लुईझाने दिवा विझवला, मग पंखा लावला. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, पासपोर्टचा फोटो पाहिजे होता, त्याला तिने हातानेच नंतर या म्हणून सांगितलं.

तेवढ्यात अम्मीच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. मी झडप घालून घेतला आणि दारात गेले. एक बाई होती, कचऱ्याची गाडी आली नाही म्हणून. मी म्हटलं, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." कुजबुजत म्हटलं. मग एक काका, दिव्याच्या खांबाचं. मॅडम मीटिंगमध्ये. मग गुणवंतकाका. "अगं, फोटो काढला का? नाव कळवायचंय!" मी म्हटलं, "काका, मॅडम मीटिंगमध्ये आहेत." ते म्हणाले, "कसली मीटिंग? माझ्याशिवाय?" मी फोन बंद करून टाकला. तो बंद होताना वाजणारा आवाज पण मी मुठीत दाबला.

आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. मी गप्प बसले होते, हे मृणालिनी मॅडमना सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

बाहेर दुकानांचे दिवे लागले तेव्हा अम्मी जागी झाली. दचकून नाही, हळूच. आधी तिने ओढणी चाचपली. "काढला?"

"न्हाय अजून," लुईझा म्हणाली.

अम्मीने आम्हाला असं रांगेत बसलेलं बघितलं, माझ्या मुठीतला फोन बघितला. "तुम्ही सगळ्या बसून होतात?"

"मग काय करायचं," उर्मिलाताई म्हणाल्या. "तुम्ही आमच्यासाठी उभ्या राहता, आम्ही जरा बसलो."

अम्मी हसली नाही. दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं, आणि हात तसेच तोंडावर ठेवले. मग हातांच्या आतूनच म्हणाली, "ते पाईप. मी सोडलं तर पुढचा येऊन उचलून दुसरीकडे नेईल. मंजुरीचं त्याला काय."

लुईझाने दिवा पुन्हा लावला.

"काढा," अम्मी म्हणाली.

लुईझाने काढला. भविष्याकडे वगैरे काही बघत नाहीये अम्मी त्यात. समोर बघतेय, गालावर खुर्चीच्या कडेचा वळ आहे.

घरी आल्यावर अब्बा जेवायचे थांबले होते. अम्मीने फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला. "वळ आलाय," म्हणाले.

"असू दे. गुणवंतभाऊंना कळवा, उभी राहते. पण पहाटे वॉल्व्हवर तुम्ही जायचं."

"मी?"

"खादीचं जॅकेट नका घालू. चिखल उडतो."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. "मला बघून वॉचमन मोटर बंद करतील?" त्यांनी विचारलं, आणि मला पहिल्यांदाच ते लहान मुलासारखे वाटले.

"पहिले काही दिवस नाही करणार," अम्मी म्हणाली. "उभं राहायचं."

पाण्याच्या दिवशी अब्बा उठले. अंधारात कुठे कुठे आपटत, माझ्या दप्तराला लाथ मारून, अम्मीची टॉर्च घेऊन गेले. दार ओढल्याचा आवाज झाला. मी चादर घेऊन अम्मीच्या शेजारी अब्बांच्या जागेवर जाऊन पडले. म्हटलं, आज बघू या, ऊन येऊन कसं उठवतं.

अम्मीचे डोळे उघडे होते.

"झोप ना," मी म्हटलं.

"लागत नाही गो. या वेळेला आपोआप उघडतात." ती पंख्याकडे बघत होती. "आता दशरथ चाळीचा वॉल्व्ह फिरवत असेल."

मी तिच्या पोटावर हात टाकला, उठू नये म्हणून. चाळीच्या बाजूने लांबून एक आवाज आला, बाईचा, मोठा. शब्द कळले नाहीत, पण उर्मिलाताईच. बहुतेक म्हणत असतील, आला बघा बॅनरवाला. मग शांत झालं. पागोळ्या टपटपत होत्या.

मग समोरच्या बिल्डिंगची मोटर लागली. घूं करून. भिंतीतून येतो तो आवाज, गादीला पण कळतो. अम्मी कोपरावर उठली. मी हात तसाच ठेवला, जड करून.

मोटर चालू राहिली. अम्मीचा एक पाय खाली गेला, चपला शोधायला लागला.

आणि आवाज बंद झाला.

आम्ही दोघी ऐकत राहिलो. पुन्हा लागेल, पुन्हा लागेल असं वाटत होतं. नाही लागली. अम्मीने पाय वर घेतला, उशी सारखी केली, आणि डोळे मिटले.